तक्रार

जिल्हा इस्पितळाच्या खिडकीपुढे रांगेत उभे राहून रुग्ण जो केसपेपर हाती घेतो, त्यावर नाव, वय आणि गाव यांच्याखाली ‘तक्रार’ असा एक रकाना असतो. आणि त्याच इस्पितळाच्या फाटकाबाहेर पडून रस्ता ओलांडला की जी पोलीस चौकी लागते, तिथल्या दप्तरातही हाच शब्द निराळ्या अर्थाने रोज लिहिला जातो. शब्द मुळातला अरबी. फारसीच्या वाटेने तो आपल्या कचेऱ्यांत आणि तिथून घराघरांत आला. अरबीत त्याचा अर्थ ‘पुनरावृत्ती’, तेच ते पुन्हा पुन्हा घडणे, एवढाच होता. मनोविकार विभागातली सामाजिक कार्यकर्ती या नात्याने मी चोवीस वर्षे नोकरी केली, आणि त्या काळात नवऱ्याच्या किंवा सासरच्या छळाने आजारी पडलेल्या ज्या शेकडो स्त्रिया माझ्यासमोर येऊन बसल्या, त्यांची हकिगत लिहायला घेतली की मला प्रथम हा शब्दच आठवतो. कारण त्याचे हे तिन्ही अर्थ त्या प्रत्येकीच्या आयुष्यात एकमेकांत अडकलेले होते. जी बाई चौकीची पायरी चढू शकत नाही, तिच्या वतीने तिचे शरीर इस्पितळात येऊन तक्रार नोंदवते, आणि तिथे कोणी ऐकले नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा नोंदवते.

या तक्रारींची भाषा ठरलेली असते. डोके जड होते, छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, घास गिळवत नाही, रात्री दोनच्या सुमारास जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. बाई प्रथम गावातल्या डॉक्टरकडे जाते. तो ताकदीचे इंजेक्शन देतो, फारच गळून गेली असेल तर सलाईनची एक बाटली लावतो. त्याने भागले नाही तर तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. रक्त, लघवी, एक्स-रे, सोनोग्राफी, आणि ऐपत नसली तरी उसनवारी करून मेंदूचा स्कॅन. मधल्या काळात कोणी अंगारा आणून लावलेला असतो, कोणी दंडाला ताईत बांधलेला असतो. हे सारे कागद साडीच्या दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून, सातबाऱ्याचा उताराच असावा इतक्या काळजीने जपत, ती आमच्या दारी येते. प्रत्येक कागदावर एकच शेरा असतो: नॉर्मल. डॉक्टर तो दिलासा म्हणून लिहितात. पण घरी गेल्यावर तोच शब्द तिच्याविरुद्ध पुरावा ठरतो. “एवढा पैसा घातला, काही निघालं का? ढोंगं करते,” असे म्हणायला सासरच्या माणसांना त्या दिवसापासून सरकारी कागदाचा आधार मिळतो.

अशीच एक बाई, वय चौतिशीच्या आसपास, उसाच्या पट्ट्यातल्या एका गावाहून आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या पिशवीत अकरा केसपेपर होते. (ओळख पटू नये म्हणून या लेखातल्या स्त्रियांचे गावठिकाण आणि इतर खुणा मी बदलल्या आहेत.) नवरा बरोबर होता, इस्त्रीचा पांढरा सदरा, बोलणे मृदू, आणि मी तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तोच देत होता. “झोप लागते का?” “लागते की, चांगली घोरते.” “जेवण?” “जेवण व्यवस्थित आहे, मॅडम. घरात कशाला कमी नाही.” अशा प्रसंगासाठी आमच्या विभागात एक तजवीज करून ठेवलेली असे: एखाद्या कागदावर शिक्का मारून आणायला मी नवऱ्याला तळमजल्यावर पाठवीत असे, आणि तो शिक्का लवकर सापडू द्यायचा नाही हे तिथल्या कारकुनाला ठाऊक असे. नवरा गेला. मी विचारले, “घरी सगळं ठीक आहे ना, ताई?” ती म्हणाली, “ठीक आहे. ते चांगले आहेत. माझंच डोकं असलं.” एवढ्यात बाहेरच्या बोळातून वॉर्डबॉयने लोखंडी ट्रॉली ढकलत नेली आणि ती वळणावर भिंतीला आदळली. मी मान वर करून पाहते तो ती खुर्चीत अर्धी वाकलेली, डावे कोपर कानावर, उजवा पंजा टाळूवर, हनुवटी छातीत रुतलेली. फटका कोणत्या बाजूने येतो हे त्या दोन हातांना पाठ असल्याखेरीज ते इतक्या झटकन इतक्या नेमक्या जागी गेले नसते. मग तिने पदर सारखा केला, पिशवीतले कागद पुन्हा नीट लावले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “सवय झालीय.”

संकट समोर आले की हृदय वेगाने चालू लागते, स्नायू ताठरतात, भूक मरते आणि झोप उडते, ही निसर्गाने प्राणरक्षणासाठी केलेली योजना आहे, आणि संकट टळले की ती आपोआप निवळावी असा तिचा धर्म आहे; परंतु ज्या घरात संकट रोज संध्याकाळी मोटारसायकलवरून येते, तिथे ती निवळण्याला अवकाशच मिळत नाही. पुढे काही भेटींनंतर या बाईने मला सांगितले की नवरा गाडीचा स्टँड कसा लावतो यावरून तिला रात्र कशी जाणार ते कळते. “हाताने धरून गाडी लावली तर बरं. लाथेनं स्टँड पाडला की मी पोरांना शेजारी पाठवते.” सहा वाजले की तिचे कान रस्त्याकडे लागत आणि सहाच वाजता तिचे डोके जड होऊ लागे, अकरा केसपेपरांत डोकेदुखीची वेळ कोणी विचारलेली नव्हती.

वैद्यकशास्त्राने या अवस्थेला नाव दिले ते तसे अलीकडेच. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या वर्गीकरणात आघातोत्तर तणावविकाराचा समावेश केला, आणि त्यामागे व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवांचा मोठा वाटा होता. पुढे १९९२ मध्ये ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी असे दाखवून दिले की एका स्फोटाने होणारा आघात आणि वर्षानुवर्षे कोणाच्या तरी ताब्यात राहून सोसलेला आघात यांच्या परिणामांत अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात भीती आणि दुःस्वप्ने तर असतातच, पण शिवाय स्वतःविषयीची घृणा, भावनांवरचा सुटलेला ताबा आणि कोणाही माणसाशी विश्वासाने जोडले जाण्याची अक्षमता अशी माणसाच्या मुळाशी जाणारी हानी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत या दुसऱ्या प्रकाराला स्वतंत्र स्थान मिळाले, ते ज्या आवृत्तीत मिळाले ती २०२२ च्या जानेवारीपासून अमलात आली. म्हणजे माझ्या नोकरीचा बहुतेक काळ ज्या आजारावर मी काम केले, त्याला अधिकृत यादीत धड नावच नव्हते. आम्ही केसपेपरवर नैराश्य, चिंता किंवा ‘शारीरिक लक्षणे’ असे लिहीत होतो.

या आजाराचा एक परिणाम असा आहे की त्याची किंमत बाईला कचेरीत मोजावी लागते. भीतीच्या कडेलोटावर असलेले मन घटना क्रमाने साठवीत नाही; ते तिचे तुकडे साठवते. नवऱ्याच्या हातातल्या घड्याळाचा पट्टा, स्वयंपाकघरातल्या नळाची धार, जमिनीवर सांडलेल्या पिठाचा स्पर्श हे सारे तिला लख्ख आठवते. पण तो वार सोमवार होता की गुरुवार, आधी लाथ की आधी काठी, हे सांगता येत नाही. चौकीत जबाब घेताना वार, तारीख आणि क्रम विचारला जातो. एका जबाबात आधी काठी आणि दुसऱ्यात आधी लाथ आली की तिच्या शब्दाला बट्टा लागतो. शिवाय कित्येक जणी हे सांगताना रडत नाहीत. भाजीचा भाव सांगावा इतक्या सपाट आवाजात सांगतात. ऐकणाऱ्याला वाटते की ज्या अर्थी डोळ्यांत पाणी नाही त्या अर्थी तितके लागलेले नाही. खरे तर ती बधिरता हीच इजा आहे. सगळेच जाणवू दिले तर जगता येणार नाही, म्हणून मनाने जाणिवेची दारे लावून घेतलेली असतात.

आणि मग तो प्रश्न येतो, जो नातेवाईक, डॉक्टर, पोलीस आणि कधीकधी न्यायाधीशही विचारतात: एवढे होते तर सोडून का गेली नाही? लेनोर वॉकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात या हिंसेचे चक्र मांडले: आधी वातावरण तापत जाते, मग स्फोट होतो, आणि त्यानंतर पश्चात्तापाचे गोड दिवस येतात. हे चक्र प्रत्येक घरात तंतोतंत असेच फिरते असे मुळीच नाही, आणि पुष्कळ घरांत ते गोड दिवस कधी येतच नाहीत; पण जिथे येतात तिथे ते मारापेक्षा घट्ट बांधून ठेवतात. माझ्या त्या उसाच्या पट्ट्यातल्या बाईचा नवरा मारानंतरच्या आठवड्यात तिला जोतिबाला घेऊन जाई, बांगड्या भरून आणी, पोरांसमोर तिच्या पानात जिलेबी वाढी; आणि ती मला म्हणे, “त्या दिवसांतले ते खरे. बाकीचे ते माझ्यामुळं तसे होतात.” भाजीत मीठ जास्त पडले, पाहुण्यांपुढे जोरात हसले, माहेरी फोन केला, अशी कारणांची एक मोठी यादी तिने मनाशी बाळगलेली होती. त्या यादीचा उपयोगही मला हळूहळू समजला: मार आपल्या चुकीमुळे बसतो असे मानले, तर चूक टाळून तो थांबवता येईल ही आशा शिल्लक राहते, काही कारण नसताना बसतो असे मानले, तर आशाच संपते. ती स्वतःला दोष देत होती तो वेडेपणाने नव्हे, तर जगण्यासाठी.

शिवाय घर सोडले की धोका टळतो ही बाहेरच्यांची समजूत आहे. बाई निघून जाण्याच्या बेतात असते किंवा नुकतीच निघालेली असते तो काळ तिच्या जिवाला सर्वांत अधिक घातक असतो, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि ती बाई ते आपल्या कातडीने जाणत असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५ टक्क्यांच्या घरात, म्हणजे चौघींत एक. त्याच सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या दर चौघींपैकी तिघींहून अधिक जणींनी ना कोणाची मदत मागितली होती, ना कोणापाशी शब्द काढला होता. ‘हिची कधी काही तक्रार नसते’ हे ज्या समाजात सुनेचे सर्वांत मोठे कौतुक आहे, तिथे त्या तिघी गप्प राहतात याचे नवल नाही.

आता मला माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती वगळून पुढचे उपचारांविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही. नोकरीचे ते दुसरे वर्ष होते. बावीस वर्षांची एक मुलगी आमच्या विभागात आली. तिला काही आठवड्यांच्या खटपटीने मी बोलते केले, आणि मग त्या काळच्या रीतीप्रमाणे तिच्या नवऱ्याला व सासूला बोलावून घेऊन सर्वांची एकत्र बैठक घेतली. मी तिला धीर दिला. तिने त्यांच्यासमोर सगळे सांगितले. नवऱ्याने हात जोडले, सासूने डोळ्यांना पदर लावला, आणि मी नोंदवहीत लिहिले: ‘समेट झाला. उभयतांचे समाधान.’ त्या ओळीखाली माझी सही आहे. नऊ आठवड्यांनी ती मला अस्थिविभागात दिसली. उजव्या हाताच्या दोन्ही हाडांना प्लास्टर, आणि केसपेपरवर ‘पाय घसरून पडली’. मी तिच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिले. ती शांतपणे म्हणाली, “तुम्ही बोलायला सांगितलंत म्हणून मी बोलले, ताई.” तिने मला दोष दिला नाही, आणि म्हणूनच ते वाक्य मला अजून सोडीत नाही. घरातली गोष्ट घराबाहेर बोलल्याची शिक्षा तिला झाली होती, आणि बोलण्याची ती जागा सुरक्षित आहे अशी ग्वाही तिला मी दिली होती.

पुढे काही वर्षांनी मुंबईत वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयातल्या ‘दिलासा’ केंद्राचे काम पाहण्याचा योग आला. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून नव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू केलेले हे केंद्र, हिंसाग्रस्त स्त्रियांसाठी रुग्णालयातच काम करणाऱ्या आपल्या देशातल्या केंद्रांत पहिले. त्याच्या कितीतरी आधी, १९८४ मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला होता. या दोन्ही ठिकाणच्या अनुभवी कार्यकर्त्यांनी जे सूत्र घालून दिले आहे ते सांगायला सोपे आणि पाळायला कठीण आहे: मार हा भांडणाचा एक प्रकार नाही, म्हणून त्यात दोन बाजू ऐकून तोडगा काढायचा नसतो, प्रथम त्या बाईवर विश्वास ठेवायचा, ते तिला शब्दांत सांगायचे, आणि तिच्या सुरक्षिततेला बाध येईल असे एकही पाऊल तिच्या संमतीवाचून टाकायचे नाही. त्या दिवसापासून मी नवऱ्याला बायकोसमोर बसवून एकही बैठक घेतली नाही.

उपचाराचा पहिला टप्पा हा असा, औषधाच्या आधीचा आहे. त्यात मी काही प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारायला शिकले. कधी गळा दाबला होता का? हा प्रश्न महत्त्वाचा, कारण गळा आवळल्याची खूण पुष्कळदा बाहेरून दिसत नाही, आतली सूज मात्र जिवावर बेतू शकते, आणि ज्या घरात गळ्याला हात लागला तिथे पुढे खून होण्याचा संभव कित्येक पटींनी वाढतो. मरून जावे असे वाटते का? हेही विचारायचे, विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते ही समजूत चुकीची आहे, उलट विचारल्याने इतके दिवस एकटीने वाहिलेले ओझे खाली ठेवायला जागा मिळते. उत्तर होय आले तर तिच्या विश्वासातल्या माणसाला सांगून घरातले फवारणीचे औषध त्याच दिवशी हलवायचे. मग आधार कार्ड, मुलांचे दाखले, बँकेचे पुस्तक, थोडे पैसे आणि एक जादा किल्ली असे गाठोडे भरवशाच्या शेजारणीकडे. आणि मोठ्या मुलाला एवढेच शिकवून ठेवायचे की आईने अमुक शब्द उच्चारला की धाकटीला घेऊन बाहेर पडायचे, मध्ये पडायचे नाही.

औषधांविषयी दोन्ही टोकांच्या समजुती मी पाहिल्या आहेत. नैराश्यावरच्या गोळ्या घेतल्या की बाई वेडी ठरते ही एक, आणि गोळ्या दिल्या की काम झाले ही दुसरी. नैराश्य गहिरे असेल, भूक आणि झोप दोन्ही गेली असतील, तर या गोळ्या फार उपयोगी पडतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटू लागले तरी कित्येक महिने त्या चालू ठेवाव्या लागतात, हे आधीच सांगितले नाही तर बाई आठव्या दिवशी त्या सोडून देते. झोपेच्या गोळ्यांची गोष्ट मात्र वेगळी: त्यांची सवय लागते, आणि जिला मध्यरात्री जिवाच्या भीतीने उठून पळावे लागू शकते तिला गाढ झोपवणे हा उपचार होऊ शकत नाही. आमच्या विभागातले वरिष्ठ डॉक्टर चिठ्ठी लिहिण्यापूर्वी मला विचारीत, “ही रात्री सुरक्षित आहे का?” इतका वैद्यकीय प्रश्न मी दुसरा ऐकलेला नाही.

दुसरा टप्पा आठवणींचा, आणि तो पहिला पार पडल्यावाचून उघडायचा नाही असा हर्मन यांचा दंडक आहे. एक मावशी आमच्याकडे येत. वय अठ्ठावन्न, नवरा जाऊन तीन वर्षे झालेली, मुलगा-सून प्रेमळ. तरी दिवेलागणीला त्यांच्या हाताला कंप सुटे आणि वाटी हातातून पडे. बाहेरच्या दाराची लोखंडी कडी कोयंड्यावर आपटली की त्यांना घाम फुटे. ती वाजवणारा माणूस आता या जगात नव्हता, पण ही वार्ता शरीरापर्यंत पोहोचलेली नव्हती. त्यांच्याबरोबर आम्ही अतिशय सावकाश गेलो. आधी कंप सुटला की पाय जमिनीला टेकवायचे, हाताखालच्या खुर्चीचे लाकूड चाचपायचे, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यायची आणि आजचा वार उच्चारायचा, एवढेच. मग संसाराच्या छत्तीस वर्षांतली एक संध्याकाळ, तिच्या आधीचे आणि नंतरचे धरून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायची. कोसळू लागल्या की थांबायचे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच. तुकड्यांनी साठलेली घटना अशी वारंवार सांगता सांगता तिला आदि-अंत येतो, ती भूतकाळात जाऊन बसते आणि ‘आत्ता’ घडायची थांबते. इथे पुनरावृत्ती हेच औषध होते. पाचव्या महिन्यात मावशी एक दिवस येऊन म्हणाल्या, “सुताराला बोलावून कडी काढून टाकली. लाकडी खिट्टी बसवून घेतली. तिचा आवाज येत नाही.” हा उपाय त्यांना मी सुचवला नव्हता, त्या विभागातल्या कोणीच सुचवला नव्हता. आपल्या घराच्या दाराविषयीचा तो त्यांच्या आयुष्यातला पहिला निर्णय होता.

हिंसेने बाईपासून जे काही जाते त्यात सर्वांत शेवटी आणि सर्वांत खोलवर जाते ती निर्णयाची शक्ती, असे माझे मत या कामाने झाले आहे, आणि बरे होणे म्हणजे ती परत येणे. उसाच्या पट्ट्यातल्या त्या बाईला मी पहिल्यांदा विचारले, “चहा घेणार की पाणी?” ती गोंधळून गेली, तिने दाराकडे पाहिले आणि म्हणाली, “तुम्ही द्याल ते.” चुकीचे उत्तर दिले तर काय होते, हे जिला वर्षानुवर्षे शिकवले गेले आहे तिच्या दृष्टीने चहा-पाण्याचा प्रश्नही परीक्षेचाच असतो. म्हणून आम्ही तिथूनच आरंभ केला. कोणत्या खुर्चीवर बसायचे, खिडकी उघडी ठेवायची की लावायची, आज कशाविषयी बोलायचे नाही, हे तिने ठरवायचे. मी तिला घर सोड म्हणाले नाही, नांद म्हणाले नाही, फिर्याद कर म्हणाले नाही. कारण आणखी एका माणसाच्या हुकमतीखाली तिला आणून ठेवणे हा उपचार नव्हता. सातव्या महिन्यात तिने माझ्या टेबलावरचा कप तोंडाला लावला आणि म्हणाली, “उद्यापासून माझ्यात साखर कमी सांगा, ताई.” मी नोंदवहीत त्या दिवसाखाली ते वाक्य लिहून ठेवले.

या कामात कायदा हा उपचाराबाहेरचा विषय आहे असे सुरुवातीला मला वाटे. तसे ते नाही. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले, आणि जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५व्या कलमात तोच गुन्हा आहे. पण नवऱ्याला शिक्षा व्हावी असे प्रत्येकीला वाटत नाही, तिला मार थांबायला हवा असतो. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला, तो या गरजेला अधिक जवळचा. मुलगा होत नाही म्हणून टोमणे मारणे आणि घरखर्चाला पैसे न देणे हीदेखील हिंसाच, असे त्या कायद्यात लिहिलेले आहे. राहत्या घरातून तिला बाहेर काढता येत नाही. आणि मानसिक यातनांबद्दल भरपाईचा हुकूम देण्याचा अधिकार २२व्या कलमाने न्यायदंडाधिकाऱ्याला दिला आहे. संरक्षण अधिकाऱ्यासमोर बसून आपली हकिगत अहवालात उतरताना पाहणे, आणि खाली शासनाचा शिक्का पडणे, याने कित्येकींची मान किंचित ताठ झालेली मी पाहिली आहे. त्याचबरोबर एक सावधगिरी आम्ही बाळगीत असू: केसपेपरवर केवळ ‘नैराश्य’ लिहून सोडायचे नाही, त्याचे कारण तिच्या शब्दांत शेजारी लिहायचे, कारण मनोविकार विभागाचा तोच कागद पुढे ‘बायको वेडी आहे’ म्हणून कोर्टात सादर झालेला आम्ही पाहिला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे, सक्षम न्यायालयाने तसे ठरवल्याखेरीज केवळ मनोविकाराचे निदान म्हणजे मनोविकलता सिद्ध झाली असा अर्थ निघत नाही, हे प्रत्येक बाईला आणि तिच्या वकिलाला माहीत असले पाहिजे.

त्या उसाच्या पट्ट्यातल्या बाईने घर सोडले नाही. पुष्कळांना हा शेवट आवडणार नाही. पण निर्णय तिचा होता. संरक्षणाचा आदेश तिने मिळवला, त्याची एक नक्कल पोलीस पाटलाकडे आणि एक भावाकडे दिली, अंगणवाडीत मदतनिसाचे काम धरले, आणि नवऱ्याने पुन्हा हात उगारला तेव्हा ती स्वतः चालत चौकीत गेली. गोळ्या चौदा महिन्यांनी बंद झाल्या. अधूनमधून सहा वाजता डोके अजून जड होते, असे ती सांगते. पण आता ते कशाने होते हे तिला ठाऊक आहे.

वाचकांपाशी माझे एकच मागणे आहे. तुमच्या घरात, शेजारात, कचेरीत, शाळेत किंवा दवाखान्यात जी बाई तिसऱ्यांदा डोके दुखते म्हणून सांगते आणि जिच्या कागदांवर काही निघत नाही, तिला एकटीला गाठून विचारा: घरी तुला भीती वाटते का? मग गप्प बसा आणि थांबा. ती नाही म्हणाली तर वाद घालू नका. विचारणारे एक माणूस आहे एवढे तिला कळले तरी त्या दिवसापुरते पुरे. ती हो म्हणाली तर ‘तू काय केलं होतंस’ असे विचारू नका, सल्ला देऊ नका, आणि तिच्या नवऱ्याला समजावायला मुळीच जाऊ नका. ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझी चूक नाही,’ हे शब्द मोठ्याने उच्चारा; आणि महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक, मनाच्या आजारासाठीचा ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक, तालुक्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याचे कार्यालय, यांतले जे तिला हवे ते तिला मिळवून द्या. शरीराने केलेली तक्रार कोणी तरी ऐकली, तरच ती कधी तरी तिच्या तोंडून बाहेर पडते.